उसाच्या जुन्या गाडीतील ‘बीसीएम’ : बदलण्याआधी तपासा, बदललाच तर नीट बदला



बेणे, खत आणि पाण्यावर लिहायचे सोडून ऊस विकास विभाग गाडीच्या वायरिंगवर का लिहितो आहे, असे काहींच्या मनात येईल. कारण सरळ आहे. तुटलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. जसजसा उशीर होतो तसतसे वजन घटते, उसातली साखर फुटते आणि उतारा खाली येतो. वजनाचा तोटा ज्याचा ऊस त्याचा. उताऱ्याचा तोटा मात्र सर्वांचा, कारण एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेली आहे. तेव्हा फडात भरून उभी राहिलेली गाडी ही एकट्या गाडीमालकाची अडचण नाही.

दुसरे कारण याहून मोठे आहे. मागचे दिवे बंद असलेली उसाची गाडी रात्री रस्त्यावर म्हणजे चालती भिंतच. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. त्या रस्त्याने आपल्याच गावची पोरे जात-येत असतात.

आपल्याकडे ऊस वाहतुकीचा करार केलेल्या अनेक गाड्या आठ-दहा वर्षांच्या जुन्या आहेत. हंगामात गाडीचे दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांनी दगा दिला की अलीकडे एकच वाक्य ऐकू येते, “साहेब, बीसीएम गेला. नवा टाकावा लागंल.” काही वेळा ते खरे असते. बऱ्याच वेळा नसते. हा भाग महाग, तो येईपर्यंत गाडी उभी, टोळी बसून आणि उचल तर आधीच दिलेली. म्हणून कारखान्याच्या वाहन विभागातील मेस्त्री मंडळींबरोबर बसून आम्ही हा पाठ तयार केला आहे. गाडीमालक सभासदांनी तो कापून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.

बीसीएम म्हणजे काय?

पूर्वीच्या गाडीत दिव्याच्या बटणातून वीज थेट दिव्याकडे जाई. मध्ये फार तर एक फ्यूज आणि एक रिले. इंडिकेटरला फ्लॅशर. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेल्या बऱ्याच गाड्यांत ही पद्धत बदलली. आता बटण दाबले की फक्त निरोप जातो. तो निरोप डॅशबोर्डखालच्या एका पेटीला मिळतो आणि ती पेटी दिव्याकडे वीज सोडते. ही पेटी म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच बीसीएम. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, केबिनमधला दिवा, दाराचे लॉक ही कामे तिच्याकडे असतात. काही गाड्यांत चावी ओळखण्याचे कामही तिच्याकडेच असते. आपल्या गाडीत बीसीएम आहे की नाही हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत सापडते. नसेल तर जुन्या पद्धतीने फ्लॅशर आणि रिले तपासावेत.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बीसीएम हा गाडीतला पाटकरी आहे. कुणाची पाळी आहे ते बघून तो दार उघडतो आणि पाणी सोडतो. इंजिनाचा कॉम्प्युटर, मीटर आणि बीसीएम एकमेकांना निरोप देतात ते एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ साली पुढे आणली आणि आज ती मोटारीत, ट्रकमध्ये, नव्या ट्रॅक्टरमध्येही आहे.

आता आपल्या शेताला पाणी आले नाही तर आपण पहिल्याच दिवशी पाटकरी बदला म्हणतो का? आधी पाटाला पाणी आहे का बघतो. मग चारी कुठे फुटली, कुठे गाळ साचला ते बघतो. सगळे ठीक असूनही दार उघडत नसेल, तरच पाटकऱ्याकडे जातो. गाडीतही क्रम हाच ठेवायचा.

तपासणीचा क्रम

साहित्य थोडेच लागते : एक साधा मल्टिमीटर, चांगले फ्यूज, पाना आणि सँडपेपर. अगोदर कागदावर लिहून काढा की काय चालते, काय चालत नाही आणि कधी चालत नाही. पावसात, खड्ड्यात की गाडी तापल्यावर? निम्मा उलगडा या कागदावरच होतो.

१. बॅटरी. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करतात. रात्रभर विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे दोन्ही मिळून २५.२. एकेक बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असताना दोन्ही टोकांवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट हवेत. पिकअपसारख्या १२ व्होल्टच्या गाडीत हे आकडे निम्मे धरावेत. दोन बॅटऱ्यांपैकी एकच दुबळी असली तरी बीसीएम वेड्यासारखा वागतो : वायपर आपोआप फिरतो, मीटर लुकलुकतो, लॉक पडते-उघडते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्याने धुऊन, घासून, कोरडे करून घट्ट करा.

२. फ्यूज. नुसते डोळ्यांनी बघून भागत नाही. मीटरने फ्यूजच्या दोन्ही पायांवर व्होल्ट पाहा. बीसीएमला एकच फ्यूज नसतो. दिव्यांचा वेगळा, वायपरचा वेगळा, खुद्द पेटीचा वेगळा असे तीन-चार असू शकतात. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडली, तर ती आधी काढा. त्या तारेने वाचवले काहीच नसते. फ्यूज जायचा त्याऐवजी वायरिंग किंवा पेटी जळते.

३. अर्थ. जास्तीत जास्त ‘बीसीएम गेला’ इथे सापडतात. वीज दिव्यातून परत बॅटरीकडे जाते ती चासीमार्गे. ही वाट गंजली, रंगाखाली दबली किंवा बोल्ट सैल झाला की वीज दुसऱ्याच दिव्यातून वाट काढते, जसे तुंबलेले पाणी शेजारच्या सरीतून जाते. ओळखण्याची खूण अशी : ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे लुकलुकतात. हे दिसले की पेटीकडे जाऊच नका, आधी मागच्या दिव्यांची अर्थ बघा. तपासताना दिवे पेटते ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थ वायरला लावा. पाव व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर वाट तुंबलेली आहे. बोल्ट काढून रंग-गंज घासा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. बीसीएमच्या स्वतःच्या अर्थ वायरलाही हीच तपासणी करा.

४. कपलर आणि वायरिंग. बॅटरीची निगेटिव्ह सोडून बीसीएमचे कपलर काढून पाहा. आत हिरवट थर, पाणी, वाकलेली किंवा मागे सरकलेली पिन दिसते का? काच गळत असेल तर पाणी नेमके डॅशबोर्डखाली येते. हंगाम संपल्यावर गाडी पाच-सहा महिने शेडला उभी राहते, तेव्हा उंदीर वायरिंग कुरतडतात. चासीला घासणाऱ्या जागा, दाराच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप आणि मागच्या दिव्यांची जोडणी या तीन जागा आवर्जून बघाव्यात.

५. दिव्यापाशी वीज येते का? दिवा जोडलेलाच ठेवून त्याच्या कपलरवर व्होल्ट पाहा. दिवा काढून पाहिले तर जवळजवळ तुटलेली वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते आणि फसवते. व्होल्ट पूर्ण येत असतील आणि दिवा पेटत नसेल तर बीसीएमने आपले काम केलेले आहे. दोष बल्ब, होल्डर किंवा अर्थेचा.

६. पेटी आणि निरोप. इथपर्यंत काही सापडले नाही तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जावे. त्याला नुसते “कोड काढ” म्हणू नये. तीन गोष्टी करून मागाव्यात. पहिली, साठलेले कोड लिहून घेऊन, ते पुसून, पुन्हा कोणते येतात ते पाहणे. दुसरी, बटण दाबले की पेटीला निरोप पोचतो का ते स्कॅनरच्या पडद्यावर पाहणे. तिसरी, स्कॅनरवरून दिवा पेटवण्याचा हुकूम देऊन पाहणे. निरोपच पोचत नसेल तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरमध्ये. पेटी स्कॅनरशी बोलतच नसेल तर तिची वीज, अर्थ आणि कॅनच्या वायरी पाहाव्यात. बॅटरी सोडून कॅनच्या दोन वायरींमध्ये मीटर साधारण ६० ओहम दाखवतो, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलेले आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

निरोप पोचतो, वीज आहे, अर्थ आहे, आणि तरी पेटीतून बाहेर काहीच येत नाही, असे असेल तर आणखी एक गोष्ट करावी. त्या दिव्याची वायर पेटीपासून सोडवून पुन्हा हुकूम द्यावा. बाहेर शॉर्ट असेल तर अनेक पेट्या स्वतःला वाचवण्यासाठी तेवढी वाट बंद करतात. शॉर्ट निघाला की वाट पुन्हा सुरू होते. एवढे करूनही वीज येत नसेल, तर मात्र पाटकरीच गेला असे समजावे.

दोन उदाहरणे

आमच्या भागातील एका वाहतूकदाराच्या दहा टायर गाडीचे मागचे दिवे हंगामाच्या तोंडावर गडबड करू लागले. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटे. पेटी बदलायचा सल्ला मिळाला होता. वाहन विभागातील मेस्त्रीने मागे पाहिले तर उन्हाळ्यात बॉडीला रंग दिलेला, आणि अर्थेचा बोल्ट रंगावरच आवळलेला. बोल्ट काढला, खाली लोखंड उघडे होईपर्यंत घासले, पुन्हा आवळला. गाडी त्याच दिवशी खेपेला गेली.

दुसऱ्या गाडीत मात्र पेटी खरेच जळालेली होती. मागच्या दिव्याच्या वायरला जोड मारून बॉडीवर सजावटीचे दिवे आणि वरती गाण्याचा साउंड जोडलेला. पेटीतून मागच्या दिव्यापुरतीच वीज मिळायची सोय. तिच्यावर सगळ्या वरातीचा भार. नवी पेटी टाकताना ते जोड काढले नसते, तर नवीही गेली असती. म्हणून लक्षात ठेवावे : पेटी का गेली हे सापडल्याशिवाय नवी बसवू नये.

बदलायची वेळ आलीच तर

क. जुन्या पेटीवरचा पार्ट नंबर पूर्ण, शेवटच्या अक्षरासह लिहून घ्या. फोटो काढा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्या आतून वेगळ्या असतात. गाडीचा चासी नंबर देऊनच मागणी करा.

ख. जुनी पेटी स्कॅनरशी बोलत असेल तोवरच तिच्यातील माहिती उतरवून घ्या. गाडी किती चाकी, कोणते दिवे, कोणता वायपर, कोणत्या चाव्या, हे सारे तिच्यात नोंदलेले असते. पाटकरी बदलला तरी पाळीपत्रक नव्याच्या हाती द्यावेच लागते. ते न देता बसवलेली पेटी चांगली असूनही अर्धी कामे करत नाही. चावीची ओळख बीसीएममध्ये असणाऱ्या गाडीत तर इंजिनच सुरू होत नाही. मेस्त्रीकडे जाताना दोन्ही चाव्या आणि गाडीचे कागद बरोबर न्या.

ग. जुन्या बाजारातली पेटी स्वस्त दिसते. पण तिच्यात दुसऱ्या गाडीचे पाळीपत्रक असते, आणि काही पेट्या पहिल्या चासी नंबरला बांधलेल्या असल्याने दुसऱ्या गाडीत चालतच नाहीत. घ्यायचीच तर पार्ट नंबर तंतोतंत जुळणारी घ्यावी, आणि माहिती उतरवून देणारा माणूस आधी ठरवून मगच पैसे द्यावेत. पेटीतील एखादा रिले किंवा झाळकाम गेले असेल तर जाणकार माणूस जुनीच दुरुस्त करतो. तसे झाले तर पाळीपत्रकाचा प्रश्नच येत नाही.

घ. चावी काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबा. युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ वापरणाऱ्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही पंप काही वेळ नळ्या रिकाम्या करत असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. जोडताना ती सर्वांत शेवटी.

ङ. कपलरचे कुलूप हाताने उघडा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. नवी पेटी मूळच्याच दिशेने, मूळच्याच जागी बसवा. कपलरचे तोंड खाली असेल तर ते पाणी आत जाऊ नये म्हणून. ते फिरवू नका.

च. पेटीत माहिती भरताना बॅटरीला योग्य व्होल्टचा चांगला चार्जर जोडलेला असावा. अर्ध्यातच व्होल्ट पडले तर नवी पेटी तिथल्या तिथे निकामी होऊ शकते. त्या वेळी कुणी हेडलाइट किंवा फॅन लावून बसू नये.

छ. शेवटी एकाने केबिनमध्ये आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सर्व दिवे, दोन्ही इंडिकेटर, चारी एकदम, ब्रेक, रिव्हर्स, वायपर आणि हॉर्न पाहावे. आधी इंजिन बंद असताना, मग चालू असताना. त्यानंतर गाडी बंद करून पाऊण-एक तासाने बॅटरीतून वीज किती जाते ते अँपिअरमध्ये मोजावे. चावी काढल्यावर पेटी झोपली पाहिजे. ती जागीच राहून १ अँपिअर खात असेल तर दिवसाला २४ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी चार दिवसांत संपते.

पेटी जाऊ नये म्हणून

वेल्डिंग : हंगामापूर्वी बॉडीचे खांब, हूक, साखळ्या वेल्डिंग करून घेतात. त्या वेळी बॅटरीची जोडणी सोडावी, गाडी बनवणाऱ्याने सांगितले असल्यास पेट्यांचे कपलरही काढावेत, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प काम चालले आहे त्याच्या अगदी शेजारी लावावा. नाहीतर तो प्रवाह वाट शोधत पेटीतून जातो.

जुन्या सवयी : इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि अल्टरनेटर चालतो का बघायचे, किंवा वायर चासीला घासून ठिणगी पाहायची, या सवयी जुन्या गाडीत खपल्या. या गाडीत नाहीत. पेटीच्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावू नये, मीटर वापरावा.

जोड : ट्रेलरचे किंवा जादा दिवे हवे असतील तर वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले घालून बॅटरीवरून वीज घ्यावी. पेटीच्या वायरने फक्त तो रिले चालवावा, तोही जाणकाराकडून जोडून घ्यावा.

ढकलस्टार्ट टाळण्यासाठी दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोनदा पाहावे. १२ व्होल्टच्या पिकअपला ट्रकचे २४ व्होल्ट कधीही जोडू नयेत. गाडी धुताना डॅशबोर्डखाली आणि कपलरवर जोराचा फवारा मारू नये. हंगाम संपला की बॅटरी सोडून ठेवावी आणि उंदरांचा बंदोबस्त करावा.

शेवटचे

कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या रांगेत गाडी उभी असते, तेव्हा ड्रायव्हर आणि क्लिनरने मिळून मागचे दिवे पाहायला पाच मिनिटे पुरतात. फडात गाडी भरून झाल्यावर वाढ्यांचे आणि उसाचे लोंबणारे शेंडे दिव्यांवर येत असतील तर ते कोयत्याने छाटावेत. दिवा पेटतो पण दिसत नाही, तर तो नसल्यासारखाच. परावर्तक पट्ट्या मागे आणि बाजूला लावलेल्या असाव्यात, कारण वीज गेली तरी त्या चमकतात. तरीही पट्टी आहे म्हणून बंद दिव्याची गाडी रात्री रस्त्यावर काढू नये. दिवे गेले तर गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरवून, मागे पुरेशा अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवून गट ऑफिसला कळवावे. उसाच्या मालकानेही “माझा ऊस वाळतोय, तसाच चल” म्हणून ड्रायव्हरला भरीस घालू नये. तुटलेल्या उसाचे वजन थोडे घटेल, ते पुढच्या साली भरून काढता येईल.

तरी सर्व वाहनधारक सभासदांनी बॅटरी, फ्यूज, अर्थ आणि कपलर ही तपासणी गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी, आणि पेटी बदलण्याचा सल्ला मिळाल्यास वरील सहा पायऱ्या झाल्या का, हे मेस्त्रीला विचारूनच पैसे मोजावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी